नावेतला चार्जर आणि घरातली बॅटरी

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा, मोकळे माळरान, तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या आणि त्यांवर बांधलेले तलाव, एवढीच आपली पाण्याची श्रीमंती; आणि तीही पाऊस झाला तर! तेव्हा 'नावेत बॅटरीचा चार्जर कसा बसवावा' हा विषय पाहून तुमच्यापैकी काही जण पान उलटण्याच्या बेतात असतील. पण जरा थांबा. हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो.

अकरावीच्या वर्गात शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीचा पाठ चालू होता. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे मामा कोकणात मच्छिमार नौकेवर इंजिन सांभाळतात. तो म्हणाला, "सर, मामा म्हणतात, नावेत चार्जर बॅटरीच्या डोक्यावर कधी बसवायचा नाही. असं का?" प्रश्न चांगला होता. मी फळ्यावर उत्तर लिहू लागलो आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. माझ्या स्वतःच्या घरी, भारनियमनाच्या काळात मोठ्या हौसेने बसवलेला इन्व्हर्टर बरोबर बॅटरीच्या डोक्यावरच होता. दोन्ही वस्तू एका घट्ट दाराच्या लाकडी कपाटात होत्या. आणि त्या कपाटाच्या माथ्यावर आमचे देवघर! तेथे रोज सायंकाळी समई लागते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरची ही स्थिती. म्हणून हा लेख.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८७ साली, दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. मी दुसरीत असेन. रविवारी सकाळी वीज गेली तर गावात हाहाकार उडे. मग कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणी आणि तिच्यावर काळा-पांढरा टीव्ही चाले. बॅटरी उतरली की ती सायकलच्या कॅरिअरवर बांधून तालुक्याच्या गावी भरायला न्यायची. त्या दुकानातल्या फळीवर दहा-बारा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. त्यांची बुचे काढून ठेवलेली, आतून पाण्याला उकळी फुटावी तसे बुडबुडे, आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. दुकानदार अर्धे शटर कधी ओढत नसे आणि कोणी विडी पेटवली की त्याच्यावर ओरडे. त्याला रसायनशास्त्र येत नव्हते, पण त्या बुडबुड्यांत काय आहे ते त्याला पक्के ठाऊक होते.

काय असते त्या बुडबुड्यांत?

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली तयार केली. तिच्या प्रत्येक घटात शिशाच्या डायॉक्साइडची धन पट्टी, सच्छिद्र शिशाची ऋण पट्टी आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. एका घटाचा विद्युतदाब सुमारे २ व्होल्ट. असे सहा घट एकसरीत जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. ती वापरात असताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जर याच्या उलट करतो. तो बाहेरून उलट दिशेने प्रवाह ढकलतो, सल्फेटचे पुन्हा शिसे आणि शिशाचा डायॉक्साइड होतो, आम्ल पुन्हा तीव्र होते.

येथपर्यंत सारे ठीक. पण पट्ट्यांवरचे सल्फेट संपत आले आणि चार्जर मात्र प्रवाह ढकलतच राहिला, तर त्या प्रवाहाने काय करावे? तो पाण्याचे विघटन करू लागतो. ऋण पट्टीवर हायड्रोजन, धन पट्टीवर ऑक्सिजन. प्रयोगशाळेत व्होल्टामीटरमध्ये तुम्ही जे पाहिले तेच. घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टपर्यंत चढला की हे जोरात सुरू होते. सहा घटांसाठी हा आकडा १४.४ व्होल्ट. चांगल्या चार्जरची बुद्धी येथेच दिसते. बॅटरी रिकामी असताना तो भरपूर प्रवाह देतो, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअर. दाब १४.४ च्या आसपास पोचला की तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप घटू देतो. शेवटी दाब साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर उतरवतो, म्हणजे बॅटरी भरलेली राहते पण उकळत नाही.

आता माझ्या कपाटाचा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे ९६,५०० कूलोम विद्युतप्रभार १ ग्रॅम हायड्रोजन मुक्त करतो. प्रमाण तापमानाला व दाबाला त्याचे आकारमान ११.२ लिटर. एक अँपिअर एक तास वाहिला म्हणजे ३,६०० कूलोम झाले. त्रैराशिक मांडा: एका घटातून ०.४२ लिटर हायड्रोजन. घट सहा, आणि एकसरीत असल्यामुळे तोच प्रवाह प्रत्येकातून जातो. म्हणून दर अँपिअर-तासाला सुमारे अडीच लिटर. बिघडलेला किंवा साधा नियंत्रणहीन चार्जर भरलेल्या बॅटरीत १० अँपिअर ढकलत राहिला, तर एका तासात २५ लिटर.

कपाट १ मीटर उंच, १ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे ६०० लिटरचे. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. ६०० लिटरचे ४ टक्के म्हणजे २४ लिटर. एक तासदेखील लागला नाही! नीट चालणारा चार्जर शेवटच्या टप्प्यात अँपिअरचा दहावा भागच देत असेल तर तासाला पाव लिटर वायू होईल, आणि तो फटींतून केव्हाच निघून जाईल. म्हणूनच माझे कपाट इतकी वर्षे शाबूत राहिले. पुण्य माझे नव्हते, चार्जरचे होते.

चार्जर चांगला असूनही फसू शकतो, हे येथेच सांगतो. समजा, जुन्या बॅटरीच्या सहा घटांपैकी एक आतून जोडला जाऊन निकामी झाला. बिचाऱ्या चार्जरला हे कसे कळावे? तो बाहेरून १४.४ व्होल्टची वाट पाहतो. पण आता तो दाब पाचच घटांत वाटला जातो: प्रत्येकी २.८८ व्होल्ट. हे पाच घट सपाटून उकळू लागतात, बॅटरी तापते, पाणी भराभर आटते. कधी कुजलेल्या अंड्यासारखा वासही येतो. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली किंवा असा वास आला, तर भिंतीवरचे बटण बंद करायचे, खिडक्या उघडायच्या आणि बॅटरीजवळच्या जोडण्यांना हात लावायचा नाही.

हायड्रोजन पेटवायला समईच हवी असे नाही. त्याला लागणारी ठिणगी इतकी क्षुद्र असते की हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना उडणारी ठिणगीसुद्धा पुरते. इन्व्हर्टरमधला रिले खटकन पडतो, पंख्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडू शकतात, सैल टर्मिनल तडतडते. मामांच्या नियमाचे कारण हे आहे. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका. निर्माण झाला की तो सरळ वर जातो. बॅटरीच्या डोक्यावर चार्जर बसवला म्हणजे वायू आणि ठिणगी यांची भेट आपणच ठरवून दिली. शिवाय आम्लाचे सूक्ष्म तुषार वर उडून चार्जरच्या आतले तांबे आणि सोल्डर खातात, ते वेगळेच. चार्जर बाजूला, थोड्या अंतरावर, उभ्या भिंतीवर असावा आणि त्याच्या स्वतःच्या झरोक्यांसमोर मोकळी जागा असावी. बॅटरीच्या पेटीला एक भोक खाली आणि एक अगदी माथ्याशी हवे. माथ्याचे भोक सर्वांत वरच्या बिंदूपाशीच हवे. चार बोटे खाली असले तर वरची चार बोटे हायड्रोजनची कोठी होते.

नावेत ही अडचण दुप्पट असते, कारण नाव म्हणजे मुळातच खालून बंद असलेले भांडे. डेकखाली, छताशी हायड्रोजन साचतो. छोट्या नावेला पेट्रोलचे इंजिन असेल तर त्याची वाफ हवेहून तीन-चारपट जड. ती तळाशी उतरून बसते आणि तेथून निघायला तिला वाटच नसते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. वर एक स्फोटक वायू, खाली दुसरा, आणि मध्ये खलाशी. म्हणून तेथे चार्जर कोरड्या, हवेशीर, इंजिनापासून दूरच्या कप्प्यात, पाणी साचते त्या तळापासून उंचावर बसवतात. बॅटरी मात्र खालीच, पण पट्ट्याने आवळून. पन्नास-साठ किलोचा आम्लाने भरलेला ठोकळा लाटेबरोबर घसरला तर काय होईल याची कल्पना करा. आपल्याकडे लाटा नाहीत खऱ्या, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात जमीनच हलली होती. त्या रात्रीची आठवण असलेल्या घरात बॅटरी उंच फळीवर ठेवू नये, हे मला पटते.

आता तारांकडे वळू. येथे ओहमचा नियम इतका उघड दिसतो की शिक्षकांनी तो या उदाहरणाने शिकवावा असे मला वाटते. चार्जर बॅटरीपासून ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन तार १० मीटर. घरात पंपाला वा गीझरला वापरतात तशी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरा. तारेचा रोध ०.०६८ ओहम येतो. किती थोडा! पण प्रवाह २० अँपिअर असला तर तारेतच १.३६ व्होल्ट गळतात. चार्जर १४.४ दाखवतो आणि बॅटरीला जेमतेम १३ मिळतात. ती कधीच पूर्ण भरत नाही, पट्ट्यांवरचे सल्फेट घट्ट होत जाते, आणि वर्ष-दीड वर्षात 'बॅटरीच खराब दिली' म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो. तिकडे तारेत २७ वॉट उष्णता उगाच जळत असते. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट केवळ ०.२१ व्होल्ट. २३० व्होल्टच्या वायरिंगला चालणारी तार १२ व्होल्टला का चालत नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. नावेत आणखी एक पथ्य असते: तार अनेक बारीक धाग्यांची, आणि शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली. एकाच जाड धाग्याची तार इंजिनाच्या थरथरीने तुटते आणि उघडे तांबे खारी हवा खाते.

"बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, मग भ्यायचे कशाला?" असे विद्यार्थी विचारतात. शॉक बसत नाही हे खरे. पण भरलेल्या मोठ्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या पाच-सहा हजारांश इतका अल्प असतो. १२.६ ला ०.००६ ने भागा: २,१०० अँपिअर! दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो. हातात अंगठी वा धातूचे कडे असेल तर त्याखालचे बोट जळते. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. आणि म्हणूनच बॅटरीच्या धन टर्मिनलजवळ, अगदी वीतभर अंतरात, फ्यूज हवा. पुष्कळ जण तो चार्जरच्या टोकाला बसवतात. मग मधली तार कोठे सोलवटून जोडली गेली तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंत अडवणारे कोणीच नसते. फ्यूज हा यंत्राचा रक्षक नसून मुख्यतः तारेचा रक्षक आहे.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी भिंतीवरचे बटण बंद. मग धन टर्मिनल, नंतर ऋण, आणि सर्वांत शेवटी बटण चालू. काढताना पुन्हा बटण आधी बंद. मग ऋण, नंतर धन. ट्रॅक्टर किंवा मोटारीचा सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. धन टर्मिनल सोडवताना पाना सांगाड्याला टेकला आणि ऋण तार अजून जागेवरच असली, तर मघाचे २,१०० अँपिअर पान्यातून जातील. ऋण आधी काढली असेल तर काहीच होत नाही.

डोळ्यांबद्दल दोन शब्द. बॅटरीचा स्फोट बहुधा खोलीत न होता घटाच्या आतच, पाण्याच्या पातळीवरच्या पोकळीत होतो. पाणी जितके कमी तितकी पोकळी मोठी आणि वायू जास्त. झाकण फुटून आम्ल उडते, आणि ते पाहायला वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच येते. म्हणून चष्मा लावूनच वाकावे, पाण्याची पातळी काडी पेटवून कधीही पाहू नये. (हे लिहायला नको असे वाटते ना? मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.) आम्ल डोळ्यांत गेलेच तर तत्काळ स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवायचे आणि थेट डॉक्टरांकडे जायचे. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. डोळ्यांत मात्र कदापि नाही.

आपल्या मे महिन्याचा विचार चार्जर बनवणारे सगळेच करतात असे नाही. १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. तापमान वाढले की हाच दाब बॅटरीला जास्त होतो. दर घटाला, दर अंशाला सुमारे ४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४२ अंशांवर हिशेब करा: १७ × ४ × ६ = ४०८ मिलिव्होल्ट, म्हणजे १४.४ ऐवजी १४ च. चांगल्या चार्जरला बॅटरीवर चिकटवायचा तापमापक देतात, तो याचसाठी. पुष्कळ ठिकाणी तो पिशवीतच राहिलेला असतो. पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला बॅटरी ठेवली तर उन्हाळ्यात महिन्याला पाणी पाहावे लागते. ते पाणी ऊर्ध्वपातितच हवे. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पट्ट्या बिघडतात. आणि ते बॅटरी भरल्यानंतर घालावे, कारण भरताना द्रवाची पातळी वर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे आधी घालावे.

आता २३० व्होल्टची बाजू. चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग असली पाहिजेत, आणि तीन पिनांपैकी जाड पिन, म्हणजे अर्थिंग, खरोखर जमिनीत गेलेली असली पाहिजे. ही पिन मोडून दोन भोकांच्या सॉकेटात प्लग खुपसण्याची कला आपल्याकडे घरोघर दिसते. घरात त्याची शिक्षा चार्जरच्या पेटीला हात लावणाऱ्याला मिळते. नावेत ती पाण्यात पोहणाऱ्याला मिळू शकते. धक्क्यावरून वीज घेतलेल्या नावेत गळती झाली तर तिच्या भोवतालचे पाणीच विद्युतभारित होते.

आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. ही गळती समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात अधिक घातक! समुद्राचे पाणी गोड्या पाण्याच्या मानाने सुमारे शंभरपट चांगले वाहक असते. आपले शरीर दोहोंच्या मध्ये. समुद्रात प्रवाहाला माणसापेक्षा पाण्याचीच वाट सोपी, म्हणून तो बहुतांशी बाजूने निघून जातो. तलावात माणूस हीच सोपी वाट. दहा-वीस मिलिअँपिअर शरीरातून गेले तरी स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत, आणि चांगला पोहणाराही बुडतो. माकणीच्या निम्न तेरणा किंवा परंड्याकडच्या सीना-कोळेगाव जलाशयावर उद्या विजेच्या नावा आल्या, तर हा मुद्दा आपल्या कामाचा आहे. आजही तलावाच्या काठी मोटर-पंपाची सोललेली केबल पाण्यात पडलेली असते, तेथे तो लागू आहेच. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे गळतीरोधक स्विच बाजारात मिळते. माझ्या मते चार्जरच्या आधी त्याच्यावर पैसे खर्च करावेत.

नावेच्या अर्थिंगमध्ये एक गंमतही आहे. धक्क्याला दोन नावा लागल्या आहेत. एकीला ॲल्युमिनियमचे भाग, दुसरीला पोलादाचे. दोघींच्या अर्थिंगच्या तारा धक्क्यावर एकत्र येतात आणि मध्ये खारे पाणी. दोन भिन्न धातू, एक विद्युतवाहक द्रव, जोडणारी तार... झाला की घट तयार! ॲल्युमिनियम झिजू लागते. इंग्रजांच्या 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला १७६१ साली तांब्याचा पत्रा मारला, तेव्हा त्याला लागून असलेले लोखंडी खिळे असेच खाऊन गेले. पुढे १८२४ साली हंफ्री डेव्हीने उलटा डाव टाकला: तांब्याला मुद्दाम जस्त वा लोखंड जोडायचे, म्हणजे ते झिजेल आणि तांबे वाचेल. मग अर्थिंग तोडायचे का? मुळीच नाही. अर्थिंगच्या तारेत दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड एकसरीत बसवतात. एका सिलिकॉन डायोडला वाहायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, दोघांना १.२. धातूंचा घट सहसा तेवढा दाब देऊ शकत नाही, म्हणून त्याचा प्रवाह अडतो. २३० व्होल्टची गळती मात्र डायोडना न जुमानता जमिनीत जाते. बारावीतल्या डायोडचा इतका सुंदर उपयोग मला दुसरा आठवत नाही.

लिथियमच्या बॅटऱ्यांबद्दल विचाराल. केरळात वैक्कम येथे २०१७ साली सुरू झालेली 'आदित्य' ही सौर प्रवासी नौका लिथियम बॅटऱ्यांवर चालते. नीट भरताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघत नाही. पण त्यांचा चार्जर वेगळा. जुन्या इन्व्हर्टरला शिसे-आम्लाच्या जागी लिथियम बॅटरी नुसती बदलून जोडणे हा नवा धोका सध्या पसरतो आहे. अति भरलेली लिथियम बॅटरी तापते, आणि पेटली तर विझवणे महाकठीण.

माझ्या घरची बॅटरी त्याच आठवड्यात मागच्या ओसरीत, सावलीत गेली. खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे, चार्जर हातभर बाजूला भिंतीवर, धन टर्मिनलशी फ्यूज. आईला देवघर हलवायचे नव्हते आणि आता तसे कारणही उरले नव्हते. कपाटात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. त्या विद्यार्थ्याने मामांना फोनवर अडीच लिटरचा हिशेब सांगितला म्हणे. मामा म्हणाले, "आकडा ठाऊक नव्हता, पण आमच्या तांडेलाने नियम सांगितला तेव्हा कारण विचारायची सोय नव्हती."

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर पुढच्या रविवारी मोठ्या माणसांना सोबत घेऊन एवढे करा. मल्टिमीटर एकदिश व्होल्टवर ठेवून, वीज असताना, आधी चार्जरच्या टोकांवर आणि मग बॅटरीच्या टर्मिनलांवर दाब मोजा. दोन आकड्यांतला फरक लिहून घ्या, चार्जरवर प्रवाहाचा आकडा दिसत असेल तर तोही लिहा, आणि तारेचा रोध काढून आपल्या शिक्षकांना दाखवा.